योसेपाची दुसरी आई

मी सहावीत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या गावच्या मशिदीत जमात आली होती. जमात म्हणजे दीनाची शिकवण सांगत गावोगाव फिरणारी आठ-दहा माणसांची तुकडी. पाठीवर वळकटी, सोबत चार पातेली आणि एक स्टोव्ह, मुक्काम मशिदीत आणि खर्च ज्याचा त्याचा. त्या तुकडीत बिहारकडचा एक पोरगा होता. सोळा-सतरा वर्षांचा असेल. ओठावर नुकती लव फुटलेली. तिसऱ्या दिवशी तो तापानं फणफणला. बाकीची मंडळी घरोघर भेटायला जायची आणि हा मशिदीच्या ओसरीत एकटाच कुडकुडत पडलेला असायचा.

ही गोष्ट अम्मीच्या कानावर गेली. तिनं त्याला घरी आणवलं. पाच दिवस ज्वारीच्या कण्या आणि ताक दिलं, रात्री कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. तो तिला ‘खाला’ म्हणायला लागला. खाला म्हणजे मावशी. त्याची बोली आम्हाला निम्मीच कळायची आणि आमची दखनी-मराठीची खिचडी त्याला तेवढीही कळत नसे. निघताना तो लहान मुलासारखा रडला. तो गेल्यावर अम्मी म्हणाली, “आम्हाला दीन शिकवायला आला होता लेकरू. जाताना भाकरी खायला शिकून गेलं.”

मंडळी, त्या पोराचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. पण अमेरिकेतल्या एका मुलाची हकीकत वाचताना मला तो पुन्हा आठवला. हा मुलगा दीडशे वर्षांपूर्वीपेक्षाही आधीचा. तोही पंधराव्या वर्षी घरापासून हजारो मैलांवर धर्म सांगायला निघाला होता, तोही परमुलखात तापानं पडला होता आणि त्यालाही एका परक्या बाईनं उचलून घरात नेलं होतं. त्याचं नाव जोसेफ एफ. स्मिथ. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे.

जोसेफ हा मॉर्मन पंथातला. या पंथाचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं लांबलचक आहे, पण जग त्यांना मॉर्मन म्हणूनच ओळखतं. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणानं या पंथाची स्थापना केली. बायबलच्या जोडीला ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ ते पवित्र मानतात. आपल्या गोष्टीतला मुलगा हा त्या संस्थापकाचा पुतण्या. त्याचे वडील हायरम हे संस्थापकाचे थोरले भाऊ आणि उजवा हात.

पंथ नवा असला की शेजाऱ्यांना तो खुपतो. त्यात हे लोक गठ्ठ्यानं एका ठिकाणी वस्ती करायचे, जमिनी घ्यायचे, एकगठ्ठा मतं द्यायचे. मिझुरी राज्यात वाद विकोपाला गेला, दोन्ही बाजूंनी हाणामाऱ्या झाल्या आणि ऑक्टोबर १८३८ मध्ये तिथल्या गव्हर्नरानं हुकूम काढला, की मॉर्मनांना राज्यातून हाकलून द्या, नाहीतर त्यांचा नायनाट करा. या धामधुमीत, १३ नोव्हेंबर १८३८ रोजी, फार वेस्ट या गावी आपला जोसेफ जन्मला. त्या वेळी वडील तुरुंगात होते. घरातली मंडळी सांगत, की झडतीच्या नावाखाली घरात घुसलेल्या लोकांनी अंथरुणं-पांघरुणं उपसून टाकली आणि तान्हा जोसेफ त्या ढिगाखाली गाडला गेला. बाहेर काढला तेव्हा तो काळानिळा पडला होता. जगला हे नशीब.

पुढं कुटुंब इलिनॉय राज्यात नॉव्हू या गावी गेलं. तिथंही तेच झालं. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगावर जमावानं हल्ला केला आणि हायरम व संस्थापक जोसेफ या दोघा भावांना गोळ्या घातल्या. मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा होता. दोन वर्षांनी सारा पंथच गाव सोडून पश्चिमेकडे निघाला. १८४८ साली जोसेफची आई मेरी फील्डिंग हिनं बैलगाड्या जुंपल्या. एक गाडी हाकायचं काम नऊ वर्षांच्या जोसेफकडे होतं. गवताळ प्रदेश आणि डोंगर ओलांडून ही मंडळी सप्टेंबरमध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली. चार वर्षांनी, सप्टेंबर १८५२ मध्ये, आईही गेली. जोसेफला चौदावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. मागं उरली त्याच्याहून अडीच वर्षांनी लहान बहीण, मार्था ॲन.

अशा मुलाच्या मनात काय साठत असेल याची कल्पना करा. म्हातारपणी त्यानं स्वतःच शाळेतला एक प्रसंग सांगितला आहे. मास्तरांनी मार्था ॲनला मारायला चामड्याचा पट्टा काढला. जोसेफ उभा राहिला आणि म्हणाला, तिला मारू नका. मास्तर त्याच्यावर धावून आले, तेव्हा या पोरानं मास्तरांनाच चोपलं. शाळा अर्थातच सुटली. त्यानंतर लौकरच, एप्रिल १८५४ च्या धर्मसभेत, हवाई बेटांवर पाठवायच्या प्रचारकांच्या यादीत त्याचं नाव आलं. वडीलधाऱ्यांनी काय विचार केला असेल तो त्यांचा त्यांना ठाऊक. पण आपल्याकडेही घरात न मावणाऱ्या पोराला मामाच्या गावी, नाहीतर फौजेत पाठवायची रीत होतीच की.

तर पंधरा वर्षांचा जोसेफ निघाला. आधी वाळवंट तुडवत कॅलिफोर्निया. तिथं बोटीच्या भाड्यासाठी मजुरी केली. पंथाकडून पगार नाही, प्रवासखर्च नाही. ८ सप्टेंबर १८५४ रोजी ‘वाकेरो’ नावाच्या जहाजातून सॅन फ्रान्सिस्कोहून निघून २७ सप्टेंबरला तो होनोलुलूला उतरला. एकोणीस दिवस नुसतं पाणी आणि पाणी. जवळजवळ चार हजार किलोमीटरचं अंतर.

तो जिथं उतरला तो काही ‘जंगली’ मुलूख नव्हता, हे इथंच सांगायला हवं. हवाई हे तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. राजा होता, विधिमंडळ होतं, १८५२ ची राज्यघटना होती आणि त्या घटनेत धर्मस्वातंत्र्य दिलेलं होतं. लोक लिहायला-वाचायला शिकले होते. त्यांच्या भाषेत वर्तमानपत्रं निघत होती. बायबलचं संपूर्ण भाषांतर १८३९ सालीच झालेलं होतं.

हे काम बोस्टनच्या एका अमेरिकन मिशनरी संस्थेचं. तिची माणसं १८२० मध्ये हवाईला पोहोचली. मराठी वाचकाला ही संस्था अगदीच परकी नाही. तिचीच माणसं त्याआधी सात वर्षं, १८१३ साली, मुंबईत उतरली होती. आपल्याकडचं अमेरिकन मराठी मिशन ते हेच. अहमदनगरला १८४२ साली सुरू झालेलं ‘ज्ञानोदय’ याच मिशनचं. म्हणजे एकाच घरातले दोन भाऊ, एक मुंबईला आला आणि एक होनोलुलूला गेला, असं म्हणायला हरकत नाही.

मॉर्मन मात्र हवाईत उशिरा आले. डिसेंबर १८५० मध्ये त्यांचे पहिले दहा प्रचारक तिथं उतरले. त्यांना वाटलं होतं, बंदरातल्या गोऱ्या व्यापाऱ्यांना आणि खलाशांना उपदेश करावा. गोऱ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग प्रश्न आला, की इथल्या लोकांची भाषा शिकायची का? दहांपैकी निम्मे परत फिरले. जे राहिले त्यात जॉर्ज कॅनन नावाचा तेवीस वर्षांचा तरुण होता. तो भाषा शिकला आणि त्याला वायलुकू गावचे न्यायाधीश जोनाताना नापेला हे भेटले. नापेला शिकलेले, मानाचे गृहस्थ. या दोघांनी मिळून ‘बुक ऑफ मॉर्मन’ हवाईयन भाषेत आणलं. ते १८५५ साली सॅन फ्रान्सिस्कोत छापलं गेलं. नव्या प्रचारकांना भाषा शिकवण्यासाठी नापेलांनी आपल्या घरी शिकवणीही चालवली होती. अशा पुस्तकांवर गोऱ्या माणसाचं नाव ठळक येतं आणि शेजारी बसून एकेक शब्द सुचवणाऱ्या माणसाचं नाव बारीक होत जातं. आपल्याकडच्या पंडित-मुनशींचं तेच झालं. म्हणून नापेलांचं नाव मुद्दाम घेतलं.

ज्या वर्षी हा मुलगा उतरला त्याच्या आदल्या वर्षी, १८५३ मध्ये, बेटांवर देवीची साथ येऊन हजारो माणसं दगावली होती. त्या वर्षीच्या खानेसुमारीत सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या ७३ हजार भरली. १७७८ साली कॅप्टन कुक तिथं गेला तेव्हा ती याच्या कितीतरी पट होती. बाहेरून आलेल्या रोगांनी गावंच्या गावं ओस पाडली होती. जोसेफ धर्म सांगायला ज्या घरांत जाणार होता, त्यातल्या बहुतेक घरांत कुणीतरी नुकतंच गेलेलं होतं. अनाथ पोर उतरलं ते दुखवट्यातल्या मुलखात.

जोसेफला माउई बेटावर कुला इथं नेमलं. हालेआकला या प्रचंड ज्वालामुखीच्या उतारावरचा हा भाग. खाली समुद्र तापलेला, वर हवा गार. तिथली माणसं बटाटे पिकवायची. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं तेव्हा तिकडच्या खाण-कामगारांना हेच बटाटे जहाजांतून जात. अशा गावात हे पोर एकटं. भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. आणि थोड्याच दिवसांत त्याला जबर ताप आला.

त्याला घरात घेणारी बाई होती मा महुही. तिच्याविषयी लिखित असं फार थोडं सापडतं. पण तिनं त्याला ठेवून घेतलं, आईसारखी शुश्रूषा केली, एवढं जोसेफनं स्वतः जन्मभर सांगितलं. बरा होईपर्यंत तो त्या घरातली बोली ऐकत राहिला.

आणि इथंच एक गोष्ट घडली. बेटावर उतरल्यापासून शंभर दिवसांच्या आत तो हवाईयन भाषा बोलायला लागला. तो म्हणे, की ही देवाची देणगी. श्रद्धावंत माणूस दुसरं काय म्हणणार? मला त्याच्या श्रद्धेशी वाद घालायचा नाही. पण मला वाटतं, देवानं ही देणगी त्या बाईच्या हातानं दिली असावी.

मला हे वाटण्याचं कारण आहे. गेली तीस वर्षं कुठंही कविता वाचायला गेलो, की कुणीतरी प्रेमानं विचारतंच, “तुम्ही मुसलमान, मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?” पूर्वी राग यायचा, आता हसतो. भाषा ही पुस्तकातून येते असं लोकांना वाटतं. ती ताटातून येते. शेजारच्या काकूंनी दिलेल्या पुरणपोळीबरोबर, जात्यावर ऐकलेल्या ओव्यांबरोबर, आजारपणात कुणी कानाशी पुटपुटलेल्या शब्दांबरोबर ती आत जाते. मग ती परकी राहत नाही. जोसेफच्या वहीत शब्द किती होते ते मला माहीत नाही, पण ताप उतरताना त्यानं जे शब्द ऐकले ते पक्के बसले असणार.

ही भाषाही मोठी गोड. प्रत्येक शब्द स्वरान्त. त्या जिभेवर जोसेफचा ‘योसेपा’ झाला. आणि तिची एक खुबी सांगतो. त्या भाषेत आईला आणि मावशीला एकच शब्द आहे, ‘माकुआहिने’. आईच्या पिढीतली प्रत्येक बाई ही आईच. आपण म्हणतो, माय मरो आणि मावशी जगो. त्यांच्या भाषेत ही म्हण होऊच शकत नाही, कारण मावशी जगली तर माय मेलीच कुठं? आई गमावलेल्या पोराला ही भाषा शंभर दिवसांत आली यात नवल ते काय!

सोळाव्या वर्षी त्याच्याकडे माउईवरच्या कामाची जबाबदारी आली. नंतर हवाई बेटावरचा हिलोचा भाग आणि पुढं मोलोकाई. डोंगर, ओढे, चिखल तुडवत पायी फिरायचं. ज्या घरी रात्र पडेल तिथं झोपायचं. ते खातील ते खायचं. तिथलं मुख्य अन्न ‘पोई’. आपला अळू असतो ना, त्याच जातीचे कंद शिजवून, कुटून, पाणी घालून सारखं करायचं आणि आंबवायचं. रंग करडा-जांभळा, चव आंबूस. अळूचं फदफदं आवडीनं खाणाऱ्या आपल्या माणसाला ते कदाचित जमेल, पण गव्हाच्या पावावर वाढलेल्या मुलाला ते उतरवायला कष्ट पडले असणार. कित्येकदा तेही पुरेसं नसे, कारण जी कुटुंबं त्याला जेवू घालत तीच अर्धपोटी असत.

एकदा, ज्या घरात त्याची पेटी ठेवली होती ते घर जळालं. कपडे, पुस्तकं आणि त्यानं लिहिलेल्या डायऱ्या, सारं खाक झालं. त्यानंतर तो आणि त्याचा जोडीदार यांच्यात मिळून बाहेर घालायचा एकच पोशाख उरला, असं सांगतात. एकानं तो घालून प्रार्थनेला जायचं, तोवर दुसऱ्यानं पांघरूण घेऊन अंथरुणात बसायचं. मग अदलाबदल. आज ऐकायला गंमत वाटते.

आगीतून वाचलेल्या म्हणा किंवा नंतर लिहिलेल्या म्हणा, १८५६ आणि १८५७ या दोन वर्षांच्या त्याच्या डायऱ्या शिल्लक आहेत आणि त्या २०११ साली छापून आल्या. मार्था ॲनला त्यानं लिहिलेली पत्रंही २०१९ साली पुस्तकरूपानं आली. मोठ्या धर्मगुरूंची चरित्रं गुळगुळीत असतात. या डायऱ्या तशा नाहीत. त्यात घरांच्या अस्वच्छतेवर वैताग आहे, अन्नाविषयी कुरकुर आहे, लोक शिकवण ऐकतात आणि विसरतात म्हणून चिडचिड आहे. इथल्या माणसांविषयी कडवट, उर्मट शेरे आहेत. ज्यांचं अन्न खायचं त्यांनाच खालच्या पायरीवरचं समजायचं, हा त्या काळच्या गोऱ्या माणसाचा दोष या मुलातही पुरेपूर होता. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

आणि पत्रांतून बहिणीला उपदेशामागून उपदेश. नीट वाग, अभ्यास कर, वडीलधाऱ्यांचं ऐक. सतरा वर्षांचा भाऊ पोक्त बापासारखा लिहितो. मला तो उपदेश वाचताना हसू येत नाही. बाप नाही, आई नाही, बहीण समुद्रापलीकडे, मधे पत्राला महिनोन्‌महिने लागणार. त्या मुलानं बाप व्हायचं ठरवलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. एप्रिल १८५७ मध्ये, तो अजून बेटांवर असतानाच, मार्था ॲनचं लग्न झालं. भाऊ मांडवात नव्हता.

त्या वर्षांतल्या निराशेत पडलेलं एक स्वप्न त्यानं शेवटच्या दिवसांत सांगितलं. स्वप्नात तो लगबगीनं एका मोठ्या घराकडे चालला आहे, हातात गाठोडं आहे. घरासमोर आल्यावर दिसतं, की आत जाण्याआधी आंघोळ करायची सोय केलेली आहे. तो स्वच्छ होतो, गाठोडं सोडतो, तर त्यात पांढरी शुभ्र वस्त्रं. दारात मारला गेलेला काका उभा. काका म्हणतो, उशीर केलास. मुलगा म्हणतो, उशीर झाला खरा, पण मी स्वच्छ होऊन आलोय. आत त्याची आई बसलेली असते. त्या स्वप्नानंतर आपली भीती गेली, असं तो सांगे. स्वप्नाचा अर्थ लावणाऱ्यांनी लावावा. मला एवढंच दिसतं, की चिखलानं माखलेल्या, एकाच पोशाखात दोघांनी दिवस काढणाऱ्या मुलाला स्वप्नात पांढरे कपडे आणि आई दिसली.

१८५७ च्या शरद ऋतूत परतायचा निरोप आला. अमेरिकन सरकारनं यूटाकडे फौज धाडली होती आणि मॉर्मनांनी आपली माणसं माघारी बोलावली होती. याच काळात एक भयंकर प्रकार घडला. सप्टेंबर १८५७ मध्ये माउंटन मेडोज या ठिकाणी मॉर्मनांच्या शिबंदीनं कॅलिफोर्नियाला निघालेल्या वाटसरूंच्या तांड्यातली सुमारे १२० माणसं, बायका-मुलांसकट, मारून टाकली. ज्या पंथानं इतका जाच सोसला त्याच्याच हातून हे घडलं. छळ सोसल्यानं माणूस आपोआप दयाळू होत नाही, ही इतिहासाची जुनी आणि कडू शिकवण आहे. ती कुठल्याही धर्माच्या माणसानं विसरू नये, माझ्याही नाही.

साहजिकच कॅलिफोर्नियात मॉर्मनांविरुद्ध संताप उसळला होता. जोसेफ त्याच वाटेनं घरी निघाला होता. तो सांगे, एकदा तळावर दारू प्यायलेले घोडेस्वार आले, शिव्या देत, दिसेल त्या मॉर्मनाला मारू म्हणत. बाकीचे झुडपांत पांगले. हा सरपण घेऊन येत होता. त्याच्या मनात आलं, मी का पळू? एकानं पिस्तूल रोखून विचारलं, तू मॉर्मन आहेस का? हा म्हणाला, हो, नखशिखान्त. तो माणूस थबकला. मग त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, असा खमक्या माणूस पाहिला नव्हता. शाळेत मास्तरांवर हात उगारणारा मुलगा आता हात न उगारता उभा राहायला शिकला होता. तीन वर्षांची ही कमाई. फेब्रुवारी १८५८ मध्ये तो सॉल्ट लेक सिटीला पोहोचला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

याच दशकात मॉर्मन प्रचारक आपल्याकडेही आले होते. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ साली मुंबईत उतरला आणि पुढं पुण्याला गेला. लष्करी अंमलदार, पाद्री, वर्तमानपत्रं, सगळे विरोधात. त्यानं मराठी शिकायला घेतली, मराठी लोकांना उद्देशून एक पुस्तिकाही काढली. पण तीनेक वर्षांत हाती फारसं काही न लागता तो परतला. पुण्यात जे जमलं नाही ते हवाईत का जमलं, याला कारणं पुष्कळ आहेत. इथं इंग्रजांचं राज्य आणि जातींची घट्ट वीण, तिथं साथींनी हादरलेला समाज. पण एक कारण असंही, की हवाईच्या गावांतल्या घरांनी आपल्या चुलीपाशी त्यांना जागा दिली होती.

पुढची हकीकत भरभर सांगतो. जोसेफ १८६४ मध्ये पुन्हा हवाईला गेला. वॉल्टर मरे गिब्सन नावाच्या एका धूर्त माणसानं तिथल्या मॉर्मनांच्या पैशातून लानाई बेटावर जमीन घेऊन ती स्वतःच्या नावावर केली होती. त्याचा निकाल लावायला जी मंडळी गेली, त्यांना भाषा येणारा माणूस हवा होता. १८८५ मध्ये तो तिसऱ्यांदा गेला, ते लपायला. पंथात तेव्हा बहुपत्नीत्व होतं, जोसेफलाही अनेक बायका होत्या आणि सरकारनं धरपकड सुरू केली होती. पंथानं १८९० मध्ये ती चाल बंद असल्याचं जाहीर केलं. त्या अडचणीच्या काळात दोन वर्षं त्याला आसरा मिळाला तो पुन्हा त्याच बेटांवर, लाइए या गावी.

तिकडून इकडेही माणसं आली. हवाईचे काही श्रद्धाळू यूटात येऊन राहिले. पण सॉल्ट लेक सिटीत त्यांना गोऱ्यांच्या भेदभावाला तोंड द्यावं लागलं. शेवटी १८८९ मध्ये स्कल व्हॅली या रखरखीत वाळवंटात त्यांची वेगळी वस्ती वसवली गेली. तिचं नाव ठेवलं ‘योसेपा’, आपल्या या जोसेफच्या नावावरून. समुद्राकाठच्या माणसांनी तिथं बर्फ आणि वाळू सोसत झाडं लावली, शेती केली. कुष्ठरोगाचे काही रुग्ण निघाले, पुष्कळ मुलं दगावली. हवाईत मंदिर होणार असं ठरल्यावर बहुतेक लोक परत गेले आणि १९१७ पर्यंत गाव ओस पडलं. आज तिथं कबरस्तान आहे. त्यांचे वंशज दर वर्षी मे महिन्यात जमतात, कबरींवर फुलं वाहतात, आपली गाणी गातात. गोऱ्या पोराला कुलातल्या घरानं आत घेतलं आणि कुलाच्या माणसांना यूटानं गावाबाहेर वाळवंटात ठेवलं. या हिशेबाची बाकी अजून निघते.

जोसेफ १९०१ मध्ये पंथाचा अध्यक्ष झाला, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू. त्यानंतरच्या एका हवाई-भेटीची हकीकत चार्ल्स निब्ली या त्याच्या सहकाऱ्यानं लिहून ठेवली आहे. होनोलुलूच्या धक्क्यावर गर्दी. लोक फुलांचे हार घालताहेत, बँड वाजतो आहे. तेवढ्यात गर्दीतून एक आंधळी म्हातारी चाचपडत पुढं येते. नव्वदीची असेल. हातात चार निवडक केळी. ती हाका मारते, “योसेपा! योसेपा!” आणि तो पांढऱ्या दाढीचा धर्मगुरू धावत जाऊन तिला मिठी मारतो, पुन्हा पुन्हा मुके घेतो आणि म्हणतो, “मामा, मामा.” मग भरल्या डोळ्यांनी निब्लींकडे वळून सांगतो, की मी पोर असताना आजारी पडलो, माझं कुणी नव्हतं, तेव्हा हिनं मला घरात घेतलं. ही माझी आई झाली.

ती होती मा महुही. तिनं त्याला आवाजावरूनही ओळखायची वाट पाहिली नाही. नुसतं तो आला आहे एवढं कळलं आणि ती केळी घेऊन निघाली.

१ जून १९१५ रोजी जोसेफनं लाइएला मंदिराची जागा अर्पण केली. मंदिर उभं राहिलं ते नोव्हेंबर १९१९ मध्ये. ते पाहायला तो नव्हता. १९ नोव्हेंबर १९१८ रोजी तो वारला. इन्फ्लुएन्झाची साथ चालू होती, त्यामुळे मोठी अंत्ययात्राही निघाली नाही.

हवाईचं स्वतंत्र राज्य १८९३ मध्ये उलथवलं गेलं. १८९६ च्या कायद्यानं शाळांतलं माध्यम इंग्रजी झालं आणि पोरांच्या तोंडची ती गोड भाषा हळूहळू आटत गेली. १९७८ मध्ये तिला पुन्हा राज्यभाषेचा मान मिळाला आणि आता नव्या पिढ्या ती हट्टानं शिकताहेत. जोसेफला शंभर दिवसांत आली ती भाषा खुद्द कुलाच्या नातवंडांना शाळेत जाऊन शिकावी लागावी, हा काळाचा खेळ आहे.

आजही मॉर्मन पंथाचे तरुण-तरुणी जगभर जातात. पांढरा सदरा, छातीवर नावाची काळी पट्टी, दोघं-दोघं जोडीनं. मुलांसाठी वयाची अट २०१२ पासून अठरा झाली आहे. वर्षातून दोनदाच घरी फोन करायची मुभा असे, २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येतं. बरं झालं. अठरा वर्षांच्या पोराला आईचा आवाज ऐकू यावा.

धर्मप्रचार या गोष्टीविषयी आपली मतं वेगवेगळी असतील. माझीही काही ठाम मतं आहेत, ती आज बाजूला ठेवतो. दारात उभ्या असलेल्या पोराला सांगायला बरंच काही असतं, हे खरं. पण कधी कधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहायला हवा, ताप तर नाही ना. हवाईतल्या त्या बाईनं तेवढं केलं. आमच्या अम्मीनं तेवढं केलं. अम्मीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. बिहारमध्ये कुठंतरी साठीला आलेला एक माणूस असेल. त्याला आमच्या गावाचं नाव आठवत नसेल. ज्वारीच्या कण्या मात्र आठवत असतील, असं मला उगाच वाटत राहतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)